पाइपची ओढ

माझ्या आजोबांच्या लिहावयाच्या मेजाला डाव्या हाताशी एक खण होता. त्यात दोन विलायती पाइप ठेवलेले असत. आजोबा रेल्वेच्या नोकरीत होते आणि ते दोन्ही पाइप त्यांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत मुंबईस विकत घेतले होते. त्यांपैकी एक दिसावयास अतिशय देखणा होता. त्याच्या तांबूस लाकडावर ज्वाळांसारख्या उभ्या रेषा होत्या आणि दांडीभोवती चांदीचे कडे होते. दुसरा अगदीच साधा, काळपट, कसलीही नक्षी नसलेला. लहानपणी मला कोडे पडे ते असे की, देखणा पाइप कोरा करकरीत राहिला होता आणि साध्या पाइपच्या नळीवर मात्र आजोबांच्या दातांनी खालीवर दोन खळगे पाडले होते. एकदा धीर करून मी त्यांना याचे कारण विचारले. आजोबा म्हणाले, "अरे, पाइप काही डोळ्यांनी ओढत नाहीत."

पुढे ते दोन्ही पाइप माझ्याकडे आले. मला स्वतःला धूम्रपानाचे व्यसन नाही. परंतु एका रविवारी सहज म्हणून मी दोन्ही रिकामे पाइप आळीपाळीने ओठांत धरले आणि नुसती हवा ओढून पाहिली. साध्या पाइपमधून हवा श्वास घ्यावा इतक्या विनासायास आली. देखण्या पाइपमधून ती बारीक शीळ घालीत, अडखळत आली. शिवाय त्याची नळी दातांत जाड आणि परकी वाटली. आजोबांच्या उत्तराचा अर्थ मला त्या दिवशी समजला, आणि तेव्हापासून या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या इतिहासाची मला गोडी लागली.

पाइपचे मुख्य भाग तीन. तंबाखू भरावयाची वाटी, तिला जोडलेली दांडी, आणि दातांत धरावयाची मुखनळी. पाइपची वर्णने बहुधा वाटीभोवतीच घुटमळतात. तिचा आकार, तिचे लाकूड, तिच्यावरील रेषा यांचेच कौतुक होते. परंतु वापरणाऱ्याचा खरा संबंध येतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींशी. झुरका घेताना किती जोर लागतो ही एक; तिला आपण 'ओढ' म्हणू. आणि तासन् तास दातांत धरलेल्या नळीचा स्पर्श कसा वाटतो, ही दुसरी. ओढ ठरविते ती दांडीतील पोकळी, आणि स्पर्श ठरवितो तो नळीचा शेवटचा अर्धा इंच. दुकानात गिऱ्हाइकाच्या नजरेस न येणाऱ्या अशा या दोन जागा आहेत. इंग्लंडमधील पाइपच्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास मला या दोन जागांचाच इतिहास वाटतो.

इंग्लंडात तंबाखू रुजली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस. १६०४ मध्ये पहिल्या जेम्स राजाने या व्यसनाची कठोर निंदा करणारी एक पुस्तिका स्वतः लिहून प्रसिद्ध केली. योगायोगाची गोष्ट अशी की, त्याच सुमारास अकबराचा वकील असदबेग याने विजापूरच्या दरबारातून तंबाखू आणि तिची सारी सामग्री बादशहापुढे नेऊन ठेवली, आणि तेथेही हकिमांनी तिला हरकत घेतली. दोन्ही ठिकाणी शहाण्यांचा सल्ला फुकट गेला. आपल्याकडे धुराने पाण्यातून जाण्याची वाट धरली आणि गुडगुडीचा प्रसार झाला. इंग्लंडात पांढऱ्या मातीची नळी रूढ झाली. ज्या जेम्स राजाने तंबाखूला शिव्या मोजल्या, त्यानेच १६१९ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या पाइप करणाऱ्या कारागिरांच्या संघाला सनद दिली. राजाच्या लेखणीपेक्षा राज्याचा खजिना अधिक व्यवहारी असतो, हे कोणत्याही सरकारी नोकराला निराळे सांगावयास नको.

हे मातीचे पाइप घडविण्याची रीत मोठी पाहण्यासारखी होती. कारागीर मळलेल्या मातीची, एका टोकाला गोळा आणि दुसऱ्या टोकाला लांब शेपूट अशी वळकटी करी. ती थोडी सुकली की तेलाचा हात दिलेली तार तो त्या शेपटीत टोकाकडून घुसवी. आत शिरणारी तार दिसत नसे. डाव्या हाताची बोटे मातीवरून सरकवीत, तारेचे टोक मध्यावर आहे की कडेला गेले आहे, हे केवळ स्पर्शाने ओळखावे लागे. मग ती वळकटी दोन पाखांच्या लोखंडी साच्यात दाबीत, वाटीचा खळगा पाडीत, आणि तार आणखी पुढे सारून तिची आणि खळग्याची गाठ घालून देत. शेवटी तार काढून पाइप भट्टीत जाई. सेव्हर्न नदीकाठचे ब्रोझली हे गाव या धंद्यासाठी नावाजलेले होते. हा उद्योग तेथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तग धरून राहिला, आणि आज त्याच कारखान्याचे संग्रहालय झाले आहे.

मातीचा पाइप जितका स्वस्त तितकाच नाजूक. तो घ्यावा, ओढावा, मोडावा आणि फेकून द्यावा, अशी रीत पडली. त्यामुळे इंग्लंडात आणि इंग्रजांच्या अमेरिकेतील जुन्या वसाहतींत जमीन खणली की या दांडीचे तुकडे हटकून सापडतात. व्हर्जिनियातील जेम्सटाउन येथे उत्खनन करणारे जे. सी. हॅरिंग्टन हे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याच्या सेवेतील संशोधक. इतरांनी वाटीचे आकार तपासले, पण तुकड्यांत वाट्या थोड्या आणि दांड्याच फार. तेव्हा हॅरिंग्टन यांनी दांडीतील भोके मोजावयास घेतली. त्यासाठी त्यांनी कोणतेही दुर्मीळ यंत्र वापरले नाही. सुताराच्या सामता यंत्राची साधी पाती एकामागून एक भोकात बसवून पाहिली. १९५४ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. सतराव्या शतकाच्या आरंभी ही भोके इंचाच्या चौसष्टांश भागांच्या मापाने आठ-नऊ भाग रुंद होती. पुढे ती पिढीगणिक अरुंद होत गेली आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेमतेम चार भागांवर आली. म्हणजे साडेतीन मिलिमीटरांची पोकळी सुमारे दीड मिलिमीटरावर येऊन ठेपली. भोकाच्या रुंदीवरून जागेचा काळ सांगता येऊ लागला. १९६२ मध्ये लुइस बिनफर्ड यांनी या निरीक्षणाचे एका सूत्रात रूपांतर केले. त्या सूत्राची गंमत अशी की, ते शब्दशः चालवीत नेले तर १९३१ च्या सुमारास पाइपचे भोक नाहीसेच व्हावयास हवे! अर्थात सूत्र आपल्या काळापुरते खरे. अठराव्या शतकाच्या अखेरीनंतर ते लागू पडत नाही.

ही पोकळी अरुंद का होत गेली? व्हर्जिनियात जॉन रॉल्फ याने १६१२ च्या सुमारास तंबाखूची लागवड सुरू केली आणि हळूहळू तंबाखू स्वस्त झाली. बोटाच्या पेराएवढी वाटी मोठी झाली, आणि धूर निवून तोंडात यावा म्हणून दांडीही लांब झाली. लांब दांडीतून जाड तार घालावी तर माती फाटावयाची. म्हणून तार बारीक होत गेली. परंतु याचा ओढीवर काय परिणाम झाला असेल, याचा विचार करण्याजोगा आहे. फ्रेंच वैद्य प्वाझय याने १८४० च्या सुमारास बारीक नळ्यांतून द्रव कसे वाहतात याचा अभ्यास केला. त्याचा नियम असा की, दाब तोच ठेवून नळीची रुंदी निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. हाच हिशेब मंद वाहणाऱ्या हवेलाही स्थूलमानाने लावता येतो. नऊ भागांची पोकळी चार भागांवर आली म्हणजे तेवढ्याच लांबीच्या नळीचा अडथळा पंचवीस पटींनी वाढला. वाटीतील तंबाखूचा अडथळा निराळाच. म्हणून त्या काळच्या माणसाला झुरका घाईने घेताच येत नसे. त्याला बसावे लागे, थांबावे लागे. खानावळीतील लांब पाइप ओढणाऱ्याच्या ज्या संथपणाचे आपण कौतुक करतो, त्यातील काही वाटा तरी त्या बारीक तारेचा होता.

स्पर्शाची कथा मात्र इतकी रम्य नाही. मातीची सच्छिद्र नळी ओल शोषून घेते आणि ओठाला चिकटते. म्हणून तिच्या टोकाला मेण किंवा लाखेसारखा लेप देत. पण दातांवर काय उपाय? इंग्लंडातील एकोणिसाव्या शतकातील दफनभूमी उकरताना कष्टकरी लोकांच्या कवट्यांत एक विलक्षण खूण सापडते. वरचे आणि खालचे दात मिटले असता त्यांच्यामध्ये एक वाटोळे छिद्र राहते. जणू कानशीने घासून केलेले. आखूड मातीची नळी दातांत धरून दिवसभर ओझी वाहणाऱ्या माणसांचे दात त्या नळीने झिजविले होते. बैठकीत बसून पाइप ओढणाऱ्याला नळी हाताने पेलता येई. ज्याचे दोन्ही हात कामात गुंतलेले, त्याला ती दातांनी पेलावी लागे. नळीचा स्पर्श हा केवळ शौकाचा विषय नव्हता, हे त्या कवट्या सांगतात.

या अडचणीतून वाट निघाली ती इंग्लंडाबाहेर. भूमध्य समुद्राच्या काठी एरिका जातीचे एक झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी, जमिनीखाली, लाकडाची एक कठीण गाठ धरते. फ्रेंच भाषेत या झुडपाला 'ब्रुयेर' म्हणतात. त्याचेच इंग्रजांच्या तोंडी 'ब्रायर' झाले. ही गाठ सहजी जळत नाही, आणि हाताला फार चटकाही देत नाही. फ्रान्समधील ज्युरा पर्वतातल्या सँ क्लोद या गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिचे पाइप होऊ लागले आणि लवकरच ते लंडनला पोहोचले. मातीचा पाइप एकसंध होता. लाकडाच्या पाइपमध्ये प्रथमच सांधा आला. दांडी लाकडाची आणि मुखनळी निराळ्या पदार्थाची. आरंभी ही नळी शिंगाची, हाडाची किंवा अंबरची असे. अंबर दिसावयास सुंदर, पण दातांना काचेसारखे कठीण आणि ठिसूळ.

तेवढ्यात रबराने हा प्रश्न सोडविला. रबरात गंधक मिसळून ते तापविले की टिकाऊ होते, हे हॅनकॉक आणि गुडइअर यांनी १८४० च्या दशकात दाखवून दिले होते. गंधकाचे प्रमाण बरेच वाढविले की रबर काळे, कठीण आणि चकचकीत होते. हेच एबोनाइट किंवा व्हल्कनाइट. ते कानशीने घासता येते, ऊब देऊन वाकविता येते. आणि मुख्य म्हणजे ते दातांखाली किंचित नमते. त्याचा दोष एकच. उन्हाने आणि काळाने त्यातील गंधक पृष्ठावर येते, नळी हिरवट पिवळी पडते आणि तोंडाला कडवट चव येते. जुने पाइप जमविणारे लोक हा दोष घासून काढतात, पण कठीण ॲक्रिलिकची नळी पत्करीत नाहीत. न विटणाऱ्या नळीपेक्षा नमणारी नळी त्यांना प्रिय असते.

आता कारागिरापुढील खरा पेच ध्यानात येईल. ओठाशी नळी जितकी पातळ तितका तिचा स्पर्श सुखाचा. पण नळी पातळ केली की आतील भोकाला जागा उरत नाही आणि ओढ जड होते. ओढ आणि स्पर्श यांचे असे जन्माचे वैर आहे. ते मिटविण्याची युक्ती म्हणजे, आतील गोल वाट टोकाशी येता येता उंचीने कमी आणि रुंदीने अधिक करीत न्यावयाची; मुखाशी नदी पसरते तशी. टोकाला मग गोल छिद्र न राहता आडवी फट राहते. क्षेत्रफळ घटत नाही आणि नळीही चपटी होते. हे काम बारीक कानशींनी हातानेच करावे लागे. साच्यातून निघणाऱ्या स्वस्त नळीला जाड ओठ आणि लहान गोल भोक असे, ते हा खर्च वाचविण्यासाठी.

या पेचाची निरनिराळी उत्तरे देणारी घराणी लंडनला नांदली. बार्लिंग हे मूळचे चांदीकाम करणारे घराणे. त्यांच्या जुन्या पाइपांच्या पातळ, रुंद मुखनळ्या आजही जाणकार वाखाणतात. १८६३ मध्ये रशियातून आलेल्या फ्रेडरिक चॅरटन याने आपला धंदा थाटला. त्याच्या कारखान्याने पुढे पायरी पाडलेली रुंद नळी काढली, जिच्या खाचेत दात आपोआप विसावत. १८७९ मध्ये सँ क्लोदहून हेन्री कोमॉय आला. डब्लिन शहरी, आयर्लंड ब्रिटिश राज्यात असतानाच, लॅटव्हियाहून आलेल्या चार्ल्स पीटरसन याने १८९० मध्ये धुरातील ओल साठविणाऱ्या पाइपचा हक्क नोंदविला, आणि १८९८ मध्ये आणखी एक नवल केले. त्याने नळीचे छिद्र टोकाला न ठेवता वरच्या बाजूस काढले, म्हणजे धूर जिभेला न पोळता टाळूकडे वळेल. ज्याला आपण ठसठशीत विलायती माल म्हणतो, त्याचे लाकूड अल्जीरिया-कॉर्सिकाचे, रबर उष्ण कटिबंधातील मळ्यांचे आणि हात निर्वासितांचे होते!

यांत सर्वांत व्यवहारचतुर निघाला तो अल्फ्रेड डनहिल. मोटारीचे सामान विकणाऱ्या या गृहस्थाने १९०४ मध्ये उघड्या मोटारीत वाऱ्यापासून बचावणारा पाइप काढला. १९०७ मध्ये त्याने लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान थाटले, आणि १९१० मध्ये स्वतःचे पाइप घडविण्यास आरंभ केला. त्याने नळीत काढता-घालता येणारी ॲल्युमिनियमची बारीक नळी बसविली. हेतू हा की आतील वाट स्वच्छ राहावी. त्याच्या मुखनळ्या दोन्ही अंगांनी इतक्या सारख्या घासलेल्या असत की, वरची बाजू कोणती हेच गिऱ्हाइकाला कळेना. म्हणून वरच्या बाजूस एक पांढरा ठिपका बसविण्यात आला, असे सांगतात. पुढे तो ठिपका प्रतिष्ठेची खूण झाला. १९१९ मध्ये स्वतंत्र झालेल्या जोएल सासिएनी या कारागिरानेही आपल्या नळीवर ठिपकेच मिरविले. चांगल्या घासणीची सोय म्हणून आलेली खूण हीच शेवटी विकली जाऊ लागली.

आता माझ्या कोड्याकडे वळतो. पाइप साफ करावयाची एक केसाळ तार असते. ती मी आजोबांच्या साध्या पाइपच्या मुखातून आत सारली. ती कोठेही न अडता वाटीच्या थेट तळाला, मधोमध बाहेर आली. देखण्या पाइपात ती सांध्यापाशीच अडली. नळी काढून पाहिली तेव्हा दिसले की, तिचे टोक दांडीच्या भोकात पुरते पोहोचत नव्हते आणि दोन्ही भोके एका रेषेत नव्हती. मध्ये एक पोकळ कप्पा राहिला होता. अशा कप्प्यात धूर एकाएकी पसरतो, निवतो, त्यातील ओल साचते आणि पाइप गुरगुरू लागतो. शिवाय वाटीतील भोक तळाच्या वर पडलेले, म्हणजे तळाची तंबाखू ओली राहणार. चांदीच्या कड्याने नेमका तो सांधाच झाकला होता. दोन्ही पाइप लंडनचेच; पण एकात श्रम न दिसणाऱ्या जागी खर्चिले होते, आणि दुसऱ्यात दिसणाऱ्या जागी.

परंतु या कारागिरीचे गुणगान येथेच संपविले तर ते अप्रामाणिक होईल. पाइप ओढणाऱ्यांच्या ओठाला कर्करोग होतो, हे जर्मन वैद्य झ्योमरिंग याने १७९५ मध्येच नमूद केले होते. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते इंग्लंडातच सिद्ध केले, आणि १९६२ मध्ये लंडनच्या राजवैद्यकीय महाविद्यालयाच्या अहवालाने ते सामान्य माणसापर्यंत पोहोचविले. पाइपही त्या दोषातून सुटत नाही. मुख, ओठ आणि घसा यांना त्याचा धोका स्पष्ट आहे. जिभेला वाचविण्यासाठी धूर टाळूकडे वळविणाऱ्या युक्तीने टाळूचे मत कोणी विचारले नव्हते. जुन्या घराण्यांचे दिवसही मग भरत आले. १९६० च्या सुमारास बार्लिंग आपल्या कुटुंबाच्या हातून गेले, १९७० च्या दशकात चॅरटन डनहिलच्या पंखाखाली आले, आणि एकाच छपराखाली अनेक नावांचे पाइप निघू लागले.

आमच्या आजोबांना एका दंतवैद्याने आरशात त्यांची टाळू दाखविली. तिच्यावर पांढुरका थर चढला होता आणि त्यात लाल ठिपके उमटले होते. आजोबांनी त्याच सायंकाळी पाइप स्वच्छ केला, खणात ठेवला आणि पुन्हा कधी पेटविला नाही. थर हळूहळू निवळला. तथापि पुढे कित्येक वर्षे ते काही लिहिताना नकळत तो रिकामा पाइप दातांत धरीत. आम्ही मुले हसत असू. आज मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. एखाद्या अनामिक कारागिराने लंडनच्या कुठल्या तरी माडीवर ती नळी कानशीने घासली असेल. त्याचे काम कोणी पाहणार नव्हते, हे त्याला ठाऊक होते. त्याने ज्यासाठी ती घडविली ते व्यसन वाईट होते. पण घडविण्यात त्याने लबाडी केली नाही.

शिवणीची आतील बाजू, भिंतीचा पाया, कचेरीतील टिपणाचा मसुदा, अशा न दिसणाऱ्या जागा प्रत्येक कामात असतात. हॅरिंग्टन यांनी तीनशे वर्षांनंतर भोके मोजली, तेव्हा त्या कारागिरांची नावे, त्यांची गिऱ्हाइके आणि तंबाखू यांतले काहीच उरले नव्हते. उरली होती ती तारेने मातीत पाडलेली वाट. आणि तिचे माप अजून घेता येत होते.